सडकेपासून दारापर्यंत

२ एप्रिल १९६१

दादाले भागीचा जयभीम. सिंधूवहिनीले बी सांग.

मी बरी आहे. शैला आता काही न धरता चालते. धपकन बसते, इकडं तिकडं पाहते, कोनी पाह्यलं नसंन तं रडत नाई.

पत्र लिहाचं कारन असं का मले भेव वाटून राहिलं. घरात कोनाले सांगता येत नाई म्हनून तुले सांगते. मले दिवस गेले थे वहिनीनं तुले सांगतलंच असंन. दिवस भरतीन सावनात, पोळ्याच्या आंगंमांगं. शैलाच्या वक्ताले मी अकोल्याले मायपाशी होती. तिथं पक्की सडक, दवाखाना गल्लीच्या तोंडावर. आता माय नाई, अकोल्याची खोली बी सुटली. बाळंतपन इथंच होईन.

इथं कसं आहे थे तुले मालूम आहे. तिवशाच्या सडकेवर उतरलं का आपल्या दारापर्यंत सारी बाडी. वांगे, सांभार, भेंडी. माती काळी. उन्हाळ्यात दगडावानी, अन् पावसाळ्यात पाय घातला का घुटन्यापर्यंत जाते. मागच्या सावनात माही जाऊ माणिकबाई याच घरात गेली. तवा तू ड्युटीवर होता, तुले सारं कोनी सांगतलं नाई. नर्सबाई बंडीनं सडकेपर्यंत आल्या होत्या. बाडीत उतरल्या, अर्ध्यात पाय फसला, पडल्या, बॅग गाऱ्यात गेली. हे त्याईले काढाले गेले तं हे बी फसले. माणिकबाईचा हात माह्या हातात होता. तिनं मले इचारलं, आल्या का. मी म्हनलं, आल्या, बाडीत आहेत. खोटं नाई बोलली मी, बाडीतच होत्या. पन दारात आल्या तवा उशीर झाला होता. लेकरू बी नाई राह्यलं.

दादा, मले बाडीतून वाट पाह्यजे. पावसात मानूस न पडता येईन अशी. शैलाचे बाबा म्हनतात फरशी टाकू. फरशी कशानं आनतीन थे सांगत नाई. शेजारच्या इंदूबाई म्हनतात तुराट्या टाका. सासूबाई म्हनतात कुटार टाका. तू रेल्वेत आहे. तिथं एवढे लोक पावसात चालतात, एंजिनाखाली वाकतात, कोनी फसत नाई. त्याईच्या पायाखाली काय टाकलं असते थे पाहून लिही.

तुही
भागी


९ एप्रिल १९६१
बडनेरा

चि. भागीले दादाचा जयभीम.

तुझं पत्र भेटलं. पयले सिंधूनं वाचलं, मंग मी वाचलं. माणिकबाईचं एवढं मले मालूम नव्हतं. तुझ्या देवमनरावानं तवा मले फक्त 'गेली' एवढंच लिहिलं होतं.

भेव वाटणं बरोबर आहे. भेव वाटते म्हणून तू एप्रिलमदे वाट मागून राहिली. सावनात मागितली असती तं मी काय केलं असतं.

आता एकेक सांगतो. तुराट्या टाकू नको. पयल्या पावसात बऱ्या वाटतात, मंग सडतात, अन् त्याच्या खाली साप-विंचू घर करतात. कुटार तं बिलकुल नको. भिजलं का साबणावाणी होते. तुझ्या सासूबाईले सांग, भगवंत म्हणते कुटार बैलाले द्या, नर्सबाईले नको. फरशी चांगली, पण देवमनराव जवा फरशीचं नाव काढतीन तवा तू खिसा उलटा करून दाखवायले सांग.

मले विचारशीन तं मुरूम टाका. तुमच्या गावाच्या टेकडीखाली खदान आहे, तिथं मुरूम खोदला का भेटते. बंडी आपली असली तं फक्त मेहनत. चांगला जाड थर टाका अन् वरून धुम्मस मारा. इथं क्वार्टरच्या आंगणात मी तेच केलं आहे, दोन पावसाळे झाले, मस्त आहे.

तू टोपलं उचलू नको. उचललं असं कानावर आलं तं मी स्वतः येईन, अन् मी आलो का आठ दिवस जात नाही हे तुझ्या घरच्याईले मालूम आहे.

तुझा
भगवंत


३० एप्रिल १९६१

दादा,

तुहा मुरूम गेला.

रागावून लिहीत नाई, पन गेला. ह्याईनं अन् नत्थुजीनं खदानीतून बंड्या भरून आनला. नत्थुजी म्हंजे थे भाजीवाले, बंडी घेऊन अमरावतीच्या बजारात जातात थे. सडकेपासून दारापर्यंत लाल वाट केली. धुम्मस मारली. मी दारात उभी राहून पाहत होती, मले असं वाटलं का लगनाचा मांडव टाकला. इंदूबाई बी पाहून गेल्या. म्हनल्या, आता आमाले बी चप्पल घ्या लागंन.

तुले मालूम आहे का उन्हाळ्यात आपल्या मातीले केवढ्या भेगा पडतात. शैलाचा हात जाते त्यात. मुरूम त्या भेगाईवरच टाकला, अन् रोज थोडा थोडा खाली जात राह्यला. तरी आमाले समजलं नाई. मंग भेंडीले पानी देतानी पाट फुटला अन् सारं पानी वाटंवर आलं. माती फुगली, भेगा मिटल्या, अन् मुरूम आत. सकाळी पाह्यलं तं वाट काळीच. मंदात मंदात लाल ठिपके, जसं कोनाले गोवर निंघाला.

इंदूबाई म्हनल्या, बाडीनं मुरूम खाल्ला, आता भाकर मागंन. सारे हासले. मी बी हासली. मंग घरात जाऊन रडली. हे म्हनतात, अजून टाकू. पन मले वाटते का अजून टाकला तं अजून खाईन.

भाऊ म्हनून तू काही मनाले लावून घेऊ नको. तुहं आंगन बडनेऱ्याच्या भरावावर आहे, आमचं रानात आहे. तुले काय दिसनार.

तुही
भागी


६ मे १९६१
बडनेरा

भागी,

चूक माझी. तुझं पत्र वाचून सिंधू म्हणाली, तुमी त्या घरी जाऊन आले, भेगा पाहून आले, मंग काहून मुरूम सांगतला? मी म्हणलं, वाट पाह्याले नाही, भाऊ म्हणून गेलो होतो, आंब्याचा रस खाऊन आलो, माती कोण पाह्यते.

आता मी नीट पाहून लिहितो. आमच्या शेडमदे एंजिनाची राख पडते, ढिगानं. त्यात नुसती भुकटी नसते. कोळसा जळून दगडावाणी झालेले खडे असतात, वजनाले हलके, पण पक्के. आमच्या पायाखाली तेच असते. कितीबी पाणी पडू दे, खालून निंघून जाते, गारा होत नाही. तू विचारलं होतं ना, आमच्या पायाखाली काय असते. तवाच डोळे उघडून पाह्यलं असतं तं तुमची मेहनत वाचली असती.

साहेबाले विचारलं. ते म्हणाले, घेऊन जा, आमाले फेकायलेच माणसं लावा लागतात. नत्थुजी अमरावतीले भाजी घेऊन येतात अन् रिकामी बंडी घेऊन वापस जातात. त्याईले सांग, तिथून बडनेऱ्याले या. पोते मी भरून ठेवतो. बैलाईले कुटार अन् नत्थुजीले जेवण आमच्या घरी.

आता करायचं कसं ते. पयले जिथं वाट पाह्यजे तिथली माती हातभर खोदून काढा. भेगा असतीन त्यात माती-पाणी टाकून मिटवा अन् वाळू द्या. मंग राख टाका, पाणी मारा, धुम्मस मारा, अजून टाका. मंदात उंच ठेवा अन् दोन्ही बाजूले उतार. बाजूनं नाली काढा. राखेचे खडे पायाले टोचतात, आमी बूट घालतो म्हणून आमाले समजत नाही. तं सगळ्यात वर मुरमाचा पातळ हात द्या. जो मुरूम बाडीनं खाल्ला त्यातला थोडा खोदतानी वापस निंघंन.

टोपलं उचलू नको.

भगवंत


२८ मे १९६१

दादाले भागीचा जयभीम.

वाट झाली.

राख आली तवा सासूबाई दारात बसल्या होत्या. पोते उतरवताना पाहून म्हनल्या, लोकाईले माहेरून लुगडे येतात, हिले राख आली. नत्थुजी एवढे हासले का त्याईच्या हातातलं पोतं सुटलं. पन मंग सासूबाई सोताच उठल्या अन् काळ्या हातानं राख पसरवाले लागल्या. मले हात लावू देला नाई. पदर काळा, तोंड काळं, शैला तं साऱ्यात पुढं. तिले धुतलं तं पानी तव्यावानी काळं.

तू लिहिलं तसंच केलं. खोदलं, मिटवलं, टाकलं, ठोकलं. वर मुरूम. परवा वळवाचा पाऊस आला. मी भेत भेत दारात गेली. बाडीत दोन्हीकडं पानी अन् मंदात आपली वाट कोरडी, जशी गाईची पाठ. मी तिच्यावर चालत सडकेपर्यंत गेली अन् वापस आली. पायाले काही लागलं नाई. मी तिथं सडकेवर उभी राहून तुह्या नावानं हात जोडले. लोकाईले वाटलं असंन का बाई मोटारीले हात करते.

तुले काय देऊ मले समजत नाई. नत्थुजीसंग वांगे धाडले आहेत. सिंधूवहिनीले सांग का काटे जपून.

वाटंत विहिरीपाशी, खालच्या अंगाले, जिथं पानी साचते, तिथं तेवढी राख टिकत नाई, तरंगून जाते. तिथं ह्याईनं चपटे दगड टाकले. मोठे आहेत, चांगले आहेत.

बाकी ठीक.

भागी


२५ जून १९६१
बडनेरा

भागी,

वांगे भेटले. सिंधूनं भरून केले, मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आता मी जे लिहितो त्याचा राग धरायचा असंन तं धर. काल नत्थुजी आले होते. सहज बोलता बोलता म्हणाले, तुमची बहीण विहिरीवरून घागर घेऊन येते तवा दगडाईवरून येत नाही, बाजूच्या गाऱ्यातून येते. मी म्हणलं, चुकून आली असंन. ते म्हणाले, नाही, रोज. परवा एका हातानं भेंडीचं झाड धरून उभी होती.

एवढी राख वाहिली, एवढी वाट केली, अन् तू पोटुशी असून गाऱ्यातून? दगड हालत असतीन हे मले समजलं. देवमनरावानं खाली काही न टाकता तसेच ठेवले असतीन. दगड ठेवायचा तं खाली राखेची गादी कराव, त्यावर दगड घासून बसवाव, हालला का काढून पुन्हा बसवाव. शेवाळ धरत असंन तं वरून विटाच्या तुकड्यानं घास. देवमनरावाले म्हणाव भगवंतानं लिहिलं, वाचून दाखव. अन् तोवर घागर तू आणू नको.

नर्सबाई सावनात तेच दगड ओलांडून येणार आहेत. तेवढा तुकडा कच्चा राहिला तं बाकी वाट काय कामाची. हे मी तुले भेव दाखवायले नाही लिहीत.

भगवंत


४ जुलै १९६१

दादा,

दगड हालत नाई. एक बी हालत नाई. तुही चिठ्ठी मी ह्याईले वाचून दाखवली नाई. मले सारं लिहाच लागंन आता.

थे दगड मरीमायच्या ओट्याचे आहेत.

तुले ठाव आहे, आमच्या वस्तीत निंबाखाली ओटा होता. माह्या सासऱ्यानं बांधला होता म्हनतात. दीक्षा घेतल्यावर पोट्ट्याईनं थो काढला. हे त्यात पुढं होते. शेंदराचा गोटा नदीत सोडला, अन् ओट्याचे दगड तसेच निंबाखाली पडून होते. इतके वर्स कोनी त्याले हात लावला नाई, घराच्या पायात नाई, गोठ्यात नाई. आता वाटंले पाह्यजे होते तं हे म्हनले, फरशी फरशी करत होतो, फरशी तं फुकटात निंबाखाली पडली आहे. दगडच तं आहेत. अन् आनून बसवले. चांगले बसवले, खाली राख टाकूनच बसवले.

त्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाई. पन मी पाह्यलं. थ्या विहिरीवर जातात तवा दगडापाशी आल्या का लुगडं वर धरतात अन् बाजूनं गाऱ्यातून जातात. रोज. मले पाहून मान खाली घालतात. थ्या या घरातल्या साऱ्यात मोठ्या. थ्या पाय ठेवत नाई तं मी कसा ठेवू.

दादा, मी बी बावीस प्रतिज्ञा म्हनल्या आहेत, साऱ्याईसंग उभी राहून. तोंडानं म्हनल्या, मनानं बी म्हनल्या. पायाले कोनी सांगतलं नाई. मी दगडापाशी येते अन् पाय आपोआप वळते. ओटा काढला अन् काही वर्साईनं माणिकबाई गेली. मले मालूम आहे का थी गाऱ्यानं गेली. मले मालूम आहे. पन पोटात लेकरू हालते तवा मनात येते का कोनाचा राग असंन तं मी त्यावर पाय ठेवून अजून काहून वाढवू.

ह्याईले सांगतलं तं हे रागावतीन. म्हनतीन, तू दीक्षा घेतली का नाई. म्हनून नाई सांगत. तू बी रागावला तं मंग मले सांगाले कोनी नाई.

भागी


९ जुलै १९६१
बडनेरा

भागी बाई,

मी रागावलो नाही. मले हासूही आलं नाही. तुझं पत्र मी कोणाले दाखवलं नाही, सिंधूले बी नाही.

तुले एक सांगतो, ते तूही कोणाले सांगू नको. आपण अकोल्याले लहान होतो तवा गल्लीच्या तोंडाशी जे देऊळ होतं, तिथून मी अजूनही गेलो का माझा हात छातीपाशी जाते. मंग मी गुंडी लावल्यासारखं करतो. लावलेलीच असते. मले पाच वर्षं झाली, हाताले अजून सवय आहे. तुझ्या पायापुढं तं ते दगड येऊन अजून दोन महिनेबी झाले नाही.

पण भागी, मी दगड पुन्हा पुन्हा मनात आणून पाह्यले अन् मले एक गोष्ट दिसली. तू सासूबाईले पाह्यलं. विचारलं नाही. त्या बाजूनं जातात हे खरं. काहून जातात हे तुले त्याईनं सांगतलं का? मी तुमच्या बाडीच्या भेगा नुसत्या पाह्यल्या, कोणाले विचारलं नाही, अन् मुरूम सांगून बसलो. तू तसं करू नको. विचार.

विचारणं होत नसंन तं माझे दोन पर्याय आहेत. एक, देवमनरावाले मी लिहितो का दगड पावसात निसरडे होतात, विटांचे रोडे धाडतो, ते टाका. कारण सांगणार नाही. इथं पडक्या चाळीचे रोडे फुकट पडले आहेत, त्याईले ओळखणारं तुझ्या गावात कोणी नाही. दुसरं, तू इथं ये. एकच खोली आहे, पण सडक दारात आहे, अन् सिंधूले मी विचारलं, ती हो म्हणाली. विचारायच्या आधीच म्हणाली.

तुले जे वाटंन ते कळव. तू म्हणशीन तेच होईन. पण पाऊस वाढायच्या आत कळव. तोवर गाऱ्यातून जाऊ नको, घरातच बस.

तुझा
भगवंत


१४ सप्टेंबर १९६१

दादाले अन् सिंधूवहिनीले भागीचा जयभीम.

पोरगी झाली हे तार करून कळवलंच होतं. दोघी बऱ्या आहोत. तुमाले इतके दिवस पत्र नाई, रागावले असान. बसता येत नव्हतं. आज बसली.

तू रोडे धाडतो म्हनला होता अन् मी काही कळवलंच नाई. लाजंनं. तुह्या पत्रावर काय लिहू थेच समजत नव्हतं. इचारते इचारते म्हनता इचारलं बी नाई. रोज ठरवे का आज सासूबाईले इचारीन, अन् थ्या समोर आल्या का मी म्हनो, सांभार तोडू का.

मंग सावनात एक दिवस दुपारचं पोटात दुखाले लागलं. पाऊस चालूच होता. हे नत्थुजीची बंडी घेऊन नर्सबाईले आनाले गेले. इंदूबाई माह्यापाशी बसल्या. सासूबाई दारात उभ्या. मी पडल्या पडल्या नुसती बाडीकडं कान देऊन होती. तुले सांगतलं होतं, माणिकबाईनं मले इचारलं होतं का आल्या का. आता मीच इंदूबाईले इचारत होती.

सडकेवर बंडी थांबली. राखेच्या वाटंवर पायाचा आवाज खर खर येते, थो आला. जोरात आला. मंग बंद झाला. मले समजलं का नर्सबाई खालच्या अंगाले आल्या. तिथं विहिरीचं पानी वाहून दगड बुडाले होते, वरून दिसत नव्हते. ह्याईचा आवाज आला, चला बाई, खाली दगड आहेत. नर्सबाई म्हनल्या, दिसत नाहीत, मागच्या साली मी इथंच पडले होते. मंग काहीच आवाज नाई. मी इंदूबाईचा हात इतका दाबला का त्याईची बांगडी फुटली.

अन् सासूबाई दारातून उतरल्या. इंदूबाईनं खिडकीतून पाह्यलं, मी आयकलं. लुगडं वर धरलं नाई त्याईनं. सरळ पान्यात गेल्या, दगडावर उभ्या राह्यल्या अन् हात पुढं केला. म्हनल्या, "बाई, माह्या पायाकडं पाहा अन् तिथंच पाय ठेवा. हा रुंद आहे. हा थोडा तिरपा आहे, पन हालत नाई. याचा कोपरा तुटला आहे, तो टाळा." एक एक दगड त्याईले पाठ होता, दादा. पान्याखाली, न पाहता. आवाज जवळ जवळ आला. मंग उंबऱ्यावर नर्सबाईची छत्री झटकल्याचा आवाज आला. त्याईचे पाय कोरडे नव्हते, पन बॅग कोरडी होती.

लेकरू आडवं होतं. नर्सबाई म्हनल्या, आनखी थोडा वेळ गेला असता तं कठीन होतं. थे मले नंतर सांगतलं.

पुढच्या दिवशी सासूबाई मले शेकाले बसल्या तवा मी इचारलं. लय दिवसाचं पोटात होतं थे निंघून गेलं. म्हनलं, तुमी रोज दगड टाळून जात होत्या, अन् काल कशा गेल्या.

थ्या म्हनल्या, "तू भेत होती म्हनून मी टाळत होती. पोटुशी बाई भेते तिथं आपुन कावून पाय ठेवाचा. तुह्या जिवाले लागलं असतं."

म्हनलं, मी तं तुमाले पाहून टाळत होती.

त्याईनं हातातला फडका खाली ठेवला अन् माह्याकडं पाहत राह्यल्या. मंग हासाले लागल्या. मी बी. टाके होते, हासता येत नव्हतं, तरी हासलो. दोघी सासू-सुना इतके दिवस गाऱ्यातून चाललो, एकमेकीसाठी, अन् चांगली वाट बाजूले.

मंग हासू थांबलं अन् थ्या म्हनल्या, "थे दगड तुहे सासरे अन् मी खदानीतून आनले. मी वरून ढकले, थे खालून घेत. दर मंगळवारी मी थे सारवत होती. ओटा उभा होता तवा माहे दोन लेकरं गेले, भागी. दोन्ही वक्ती मी लिंबू वाह्यलं होतं. दगडाचा मले राग नाई अन् भेव बी नाई. दगड चांगले आहेत. आता कामाले आले."

मी त्याईचे पाय दाबले. त्याईनं दाबू देले.

पोरीचं नाव रमा ठेवलं. पहिले आमच्या वस्तीत बाराव्या दिवशी लेकरू ओट्यापाशी नेत, नारळ फोडत. आता ओटा नाई. सासूबाईनं रमाले पदरात घेतलं अन् बाडीतून वाटंनं सडकेपर्यंत नेलं. दगडाईवर थांबल्या नाई, बाजूले झाल्या नाई, जसं घरात चुलीपाशी जातो तशा गेल्या. तिथं सडक दाखवली अन् वापस आनलं. मी दारातून पाहत होती. मले रडू येत होतं अन् कोनाचे तरी पाय धरावे वाटत होतं. मी त्याईले इचारलं, आता आभार मानाचे तं कोनाचे मानाचे. त्याईनं ईचार केला. म्हनल्या, नर्सबाईले भेंडी देली, नत्थुजीले जेवाले घातलं. राख ज्यानं धाडली त्याले लिही.

म्हनून लिहून राहिली. दादा, तुह्या रेल्वेत फेकाची राख होती, तू पोते भरून धाडली, अन् मी आज बसून हे पत्र लिहून राहिली, अन् रमा माह्या मांडीवर आहे. मले यापेक्षा चांगलं लिहिता येत नाई.

एक अजून. इंदूबाईच्या सुनंले दिवस गेले. त्याईचं घर आमच्या मागं, तिथं बी असाच गारा. शैलाचे बाबा आपल्या वाटंले तिकडं फाटा काढून राहिले, माती खोदून झाली. निंबाखाली अजून दोन दगड होते, थे सासूबाईनंच दाखवले. राख मातर कमी पडते. नत्थुजीची बंडी बजाराच्या दिवशी तुह्याकडं येईन. भरून देजो.

तुही
भागी